बे एके बे म्हणत घाट चढा: बारा आठवड्यांचा सराव आणि श्वासाची लय

सातारा हिल हाफ मॅरेथॉन सप्टेंबरात असते. २१.१ किलोमीटरपैकी साधारण पहिला अर्धा भाग गावातून निघून यवतेश्वरच्या घाटाने कासच्या रस्त्याला चढतो आणि उरलेला अर्धा त्याच वाटेने खाली येतो. सपाटीवर हेच अंतर अडीच तासांत सहज पळणारे कितीतरी जण घाट लागला की कमरेवर हात ठेवून चालू लागतात. पायांत जोर नसतो असं नाही. सपाटीचा पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) डोक्यात धरून चढाला भिडल्याने दम आधी संपतो.

चढावर, दमट हवेत आणि समोरून पाऊस झोडपत असताना घड्याळातला पेस फार काही सांगत नाही. श्वास मात्र सांगतो. म्हणून इथे दिलेला बारा आठवड्यांचा सराव मिनिटांवर नाही, श्वासावर बांधला आहे. न थांबता १० किलोमीटर पळता येत असेल आणि आठवड्याला २०-२५ किलोमीटर होत असतील तर शर्यतीच्या बारा आठवडे आधी सुरुवात करा. तेवढं होत नसेल तर यंदा १० किलोमीटरवरच भर द्या. अर्धवट तयारीने घाटात उतरलं की गुडघे महागात पडतात.

वेग मोजायला पाढा

पळताना बेचा पाढा मोठ्याने म्हणा. मनात नको, शेजारच्याला ऐकू जाईल असा.

बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ: एवढं एका दमात निघालं आणि पुढचा श्वास शांतपणे घेता आला तर तो ईझी रन, म्हणजे आरामात पळणं. दुणे चारपर्यंत जाऊन श्वास घ्यावा लागला तर टेम्पो, म्हणजे कष्टाचा पण टिकवता येणारा वेग. ‘बे एके बे’ म्हणून लगेच हवा ओढावी लागली तर तो वेग हिल रिपीटचा (तोच चढ पुन्हा पुन्हा पळण्याचा), दोन-तीन मिनिटांपलीकडे तो टिकत नाही. यापेक्षा सोपं आणि भरवशाचं मोजमाप हौशी धावपटूला मिळणार नाही. मनगटावरच्या घड्याळाची नाडी घामाने आणि पट्टा सैल झाल्याने बऱ्याचदा चुकते.

एक खाच मात्र लक्षात ठेवा. वेग वाढवला की श्वास लगेच पुरता वाढत नाही. शरीराची ऑक्सिजनची मागणी आणि फुप्फुसांचं काम जुळायला दीड-दोन मिनिटं जातात. त्यामुळे पहिल्या अर्ध्या किलोमीटरला सगळं हलकं वाटतं, माणूस गर्दीसोबत सुसाट सुटतो आणि मग हिशेब एकदम अंगावर येतो. यावर उपाय म्हणजे पहिला किलोमीटर फक्त नाकाने श्वास घेत पळणं. नाकातून जाणाऱ्या हवेला मर्यादा असते. मिनिटाला साधारण ३५-४० लिटरच्या पुढे गरज गेली की बहुतेकांचं तोंड आपोआप उघडतं. तोंड मिटलेलं आहे तोवर वेग ताब्यात आहे.

संपूर्ण रन नाकानेच करायचा हट्ट मात्र धरू नका. जोरात पळताना शरीराला मिनिटाला १०० लिटरच्या आसपास हवा लागू शकते. तेव्हा नाक आणि तोंड दोन्ही उघडी ठेवा.

पोटाने श्वास: आधी जमिनीवर

दम लागला की खांदे कानाकडे जातात आणि श्वास गळ्याखालच्या चार बोटांत अडकतो. अशा उथळ श्वासात बरीचशी हवा श्वासनळीपर्यंतच ये-जा करते, फुप्फुसांच्या तळाशी पुरेशी पोचत नाही. मग श्वासांची संख्या वाढते, मानेचे स्नायू थकतात आणि धाप आणखी वाढते.

पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, एक तळहात छातीवर आणि एक बेंबीवर. नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या, बेंबीवरचा हात वर यायला हवा. ओठांचा चंबू करून सहा आकडे मोजत सोडा. रोज रात्री पाच मिनिटं, दोन आठवडे. मग हेच उभं राहून, मग भरभर चालताना, मग ईझी रनमध्ये. झोपून जमलं म्हणून लगेच पळताना जमेल अशी अपेक्षा ठेवून बरेच जण तिसऱ्या दिवशी सोडून देतात; मधल्या पायऱ्या गाळू नका. पळताना पोट फुगवून दाखवायचं नसतं. खालच्या बरगड्या दोन्ही बाजूंना उघडताहेत एवढं जाणवलं की पुरे. कंबरेचा पट्टा किंवा पाण्याच्या बाटलीचा बेल्ट आवळून बांधला असेल तर हे होणारच नाही.

पावलांशी लय

ईझी रनला तीन पावलं श्वास आत, दोन पावलं बाहेर. मिनिटाला १७० पावलं पडत असतील तर हे ३४ श्वास होतात. टेम्पोला दोन आत, दोन बाहेर: ४२-४३ श्वास. तीव्र चढावर दोन आत, एक बाहेर: ५७ च्या आसपास. तीन-दोनसारख्या विषम लयीत सोडलेला श्वास आलटून पालटून डाव्या-उजव्या पावलावर येतो, त्यामुळे दुखापती टळतात असं ठासून सांगितलं जातं. तो दावा मोठा आहे, त्यावर विसंबू नका. लयीचा खरा उपयोग गिअरसारखा आहे. तीन-दोन तुटून दोन-दोन झालं की वेग वाढलाय हे घड्याळाआधी कळतं.

लय जुळत नसेल तर भर सोडण्यावर द्या. श्वास पूर्ण सोडला की घेणं आपसूक होतं. हवा हवीशी वाटते ती मुख्यतः रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे, म्हणून नुसतं भराभर ओढत राहिल्याने सुटका होत नाही.

आठवडा असा मांडा

सोमवारी पूर्ण विश्रांती. मंगळवारी ईझी रन, सुरुवातीला ५ किलोमीटर, दहाव्या आठवड्यापर्यंत ८. शेवटी २० सेकंदांचे चार स्ट्राइड्स: सैल अंगाने वेग वाढवायचा, मध्ये मिनिटभर चालायचं. बुधवारी धावणं नाही, ताकदीचे व्यायाम. शुक्रवारी पुन्हा विश्रांती. शनिवारी ४-५ किलोमीटर अगदी सावकाश, पाढा चोक आठच्याही पुढे जाईल असे. गुरुवार आणि रविवार हे या आठवड्याचे दोन खांब. पहिल्या आठवड्याचं मायलेज २५ किलोमीटरच्या आसपास, दहाव्याला ४० च्या.

बुधवारचा ताकदीचा भाग अर्ध्या तासाचा. पोटऱ्यांसाठी पायरीवर उभं राहून टाचा वर उचलणे, एका पायावर १५, तीन वेळा. बैठका १५, तीन वेळा. लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणे) प्रत्येक पायावर १०. पाठीवर झोपून कंबर उचलणे १५. प्लँक (कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरणे) ३० सेकंदांपासून एक मिनिटापर्यंत. आणि एक व्यायाम हमखास विसरला जातो: पायरीवरून एक पाय हळूहळू, चार मोजत खाली टेकवणे, प्रत्येक पायावर १०. उतारावर मांडीचे स्नायू लांबत लांबत ब्रेक लावतात, ते काम हाच व्यायाम शिकवतो.

गुरुवारी चढ. १०० मीटरला ५-६ मीटर वर नेणारा रस्ता शोधा. पुण्यात तळजाई किंवा एआरएआय टेकडीकडचे रस्ते, ठाण्यात येऊर, कोल्हापूरकरांना जोतिबाचा डोंगर, दक्षिण मुंबईत पेडर रोडचा चढ. उड्डाणपुलावर पळायचा मोह टाळा. पावसात चालकाला पळणारा माणूस दिसत नाही. आधी १५ मिनिटं वॉर्मअप. पहिले चार आठवडे ६० सेकंदांचे सहा रिपीट, वाढवत आठ. चालत खाली या आणि पाढा पुन्हा त्रिक सहापर्यंत एका दमात म्हणता येईस्तोवर पुढचा सुरू करू नका. पाचव्या ते आठव्या आठवड्यात तीन-तीन मिनिटांचे चार ते पाच. नवव्या-दहाव्यात ८ ते १० मिनिटांचा सलग चढ दोन-तीनदा, श्वास दोन-दोनच्या लयीत. शर्यतीत उपयोगी पडतो तो हाच. अकराव्याला सपाटीवर २० मिनिटं टेम्पो.

चढताना नजर दहा-पंधरा पावलं पुढे, पावलं आखूड, हात खाली ठेवून मागे ढकलत. कमरेतून वाकू नका, पोट दाबलं गेलं की श्वासपटलाला (छाती आणि पोटामधल्या स्नायूच्या पडद्याला) खाली यायला जागा राहत नाही. घोट्यापासून सबंध अंग किंचित पुढे झुकू द्या. दोन-एकची लय मिनिटभराहून जास्त लागत असेल तर सरळ चाला. भरभर चालणारा आणि धापा टाकत पळणारा तीव्र वळणावर जवळजवळ बरोबरीनेच वर पोचतात, फरक पुढच्या सपाट तुकड्यावर दिसतो.

रविवारचा लाँग रन किलोमीटरमध्ये असा: १०, ११, १२, ९, १३, १४, १६, ११, १७, १८, १२ आणि बाराव्या रविवारी शर्यत. चौथा आणि आठवा आठवडा मुद्दाम हलका आहे. अंग बरं वाटतंय म्हणून तिथे भर घालू नका. दर दुसऱ्या रविवारी घाटरस्ता धरा, शेवटचे तीन-चार किलोमीटर उताराचे येतील असा.

उतारावर श्वास फसवतो

आतापर्यंत श्वासावर भिस्त ठेवली, पण उतारावर ती सोडावी लागते. तिथे दम लागतच नाही, पाढा वीसपर्यंत म्हणता येतो, आणि त्याच वेळी मांड्या आणि गुडघे चढापेक्षा जास्त मार खात असतात. म्हणून उतारावर पाय बघा. पावलं आखूड आणि भराभर, पाऊल शरीराच्या खाली पडू दे, टाच पुढे रोवून ब्रेक मारू नका. पाऊल पडल्याचा आवाज थाडथाड यायला लागला तर वेग कमी करा. पहिल्या उताराच्या रननंतर दोन दिवस जिना उतरताना मांड्या दुखतील, ते स्वाभाविक आहे. दोन-तीन वेळा झाल्यावर दुखणं बरंच कमी होतं. म्हणून उताराचा पहिला सराव शर्यतीच्या निदान सहा आठवडे आधी झालेला हवा.

कुठे बिघडतं

बरगडीखाली कुशीत कळ येणं ही नेहमीची तक्रार. पळण्याआधी दोन तासांत भरपेट खाणं किंवा गोड सरबत, फळांचा रस पिणं हे मोठं कारण. पोहे-उपमा खायचा तर तीन तास आधी. पहाटे एक केळं किंवा दोन-तीन खजूर पुरेसे. कळ आलीच तर वेग निम्मा करा, दुखऱ्या जागी बोटं दाबा, किंचित पुढे झुकून ओठांच्या चंबूतून लांब श्वास सोडा, आठ-दहा वेळा. थांबत नसेल तर दोन मिनिटं चाला.

पळायच्या आधी कपालभाती किंवा भस्त्रिका जोरात करू नका. कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर गेला की डोकं हलकं होतं, हातांना मुंग्या येतात. अनुलोम-विलोम रननंतर, नाडी उतरल्यावर, छान. पण प्राणायामाने चढाचा सराव होत नाही, त्याला चढच लागतो.

पावसाळ्यात हवेतच दमटपणा असल्याने घाम सुकत नाही, अंग तापतं आणि त्याच वेगाला धाप जास्त लागते. ही तयारी घटल्याची खूण नाही. पाढ्याप्रमाणे वेग खाली आणा. पाऊण तासाच्या पुढचा रन असेल तर दर १५-२० मिनिटांनी दोन-तीन घोट पाणी, दीड तासाच्या पुढे त्यात ओआरएस. ओले बूट वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाळवा, बोळे दोनदा बदला; मांड्यांच्या आत आणि बगलेत व्हॅसलीन. शेवाळलेल्या कडेने पळू नका, धुक्यात चमकणारी पट्टी असलेलं जॅकेट घाला.

श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज, रननंतर पाच-दहा मिनिटांनी येणारी कोरडी ढास, छाती आवळल्यासारखी वाटणं: हा दमा असू शकतो, डॉक्टरांना दाखवा. इनहेलर चालू असेल तर कधी घ्यायचा तेही त्यांनाच विचारा आणि तो रनला सोबत ठेवा. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, घेरी येणं, यांत ‘थोडंच राहिलंय’ म्हणून पुढे जायचं नाही. चाळिशी ओलांडली असेल किंवा रक्तदाब, मधुमेह असेल तर बारा आठवडे सुरू करण्याआधीच तपासणी करून घ्या.

शर्यतीचा दिवस

शेवटच्या आठवड्यात मंगळवारी ५ किलोमीटर, गुरुवारी ४ आणि त्यात तीन स्ट्राइड्स, बस्स. नवे बूट, नवे मोजे नकोत.

पहिला किलोमीटर नाकाने. लोक पुढे जातील, जाऊ द्या. गावातला चढ तीन-दोनच्या लयीत, घाटात दोन-दोन, तीव्र वळणांवर तुटली तर ५० पावलं चाल. परत फिरायच्या ठिकाणी तुम्हाला एका दमात दुणे चारपर्यंत म्हणता आलं पाहिजे. ‘बे एके बे’वरच अडकत असाल तर उताराचा पहिला किलोमीटर फक्त श्वास खाली आणण्यासाठी वापरा. शेवटचे पाच किलोमीटर दम शिल्लक असतो आणि मांड्या उरलेल्या नसतात, तिथे पावलं आणखी आखूड करा. रेषा ओलांडल्यावर बसू नका, आडवेही होऊ नका. दहा मिनिटं चालत राहा, ओला टीशर्ट बदला आणि अर्ध्या तासात काहीतरी खा.