सिलिका नॅनोकणांवर डीएनए बांधताना या चुका टाळा

डीएनएचे छोटे तुकडे, म्हणजे ऑलिगो, सहसा छिद्रांच्या काचेवर एकेक बेस (डीएनएचं एक अक्षर) जोडत बांधतात, म्हणजे तयार करतात. त्याऐवजी पॉलिइथिलिनच्या सच्छिद्र फ्रिटवर (चाळणीसारख्या चकतीवर) सिलिकाचे भरीव नॅनोकण बसवले, तर साखळी कणांच्या बाहेरच्या अंगाने वाढते आणि रसायनांना खोल छिद्रांत शिरावं लागत नाही. पद्धत चांगली आहे. ती बिघडते बहुधा सिंथेसायझर (साखळी जोडणारं यंत्र) सुरू होण्याआधीच.

लोडिंगचा हव्यास

लोडिंग म्हणजे आधारावर किती साखळ्या बांधता येतात ते प्रमाण. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. १०० नॅनोमीटर व्यासाच्या भरीव सिलिका कणांचं पृष्ठफळ ग्रॅममागे जेमतेम २७ चौरस मीटर भरतं. ते कमी वाटतं म्हणून कणांचे थरावर थर चढवले जातात. मग दाटीने बसलेल्या कणांमधल्या फटी ५० नॅनोमीटरपेक्षाही अरुंद होतात. काचेच्या बाबतीत ५० नॅनोमीटरची छिद्रं साधारण ५० बेसपर्यंतच पुरतात, १०० बेससाठी १०० नॅनोमीटरची लागतात. म्हणजे ज्या अडचणीतून सुटायला नॅनोकण आणले, तीच पुन्हा ओढवून घेतली. थर पातळ ठेवा, माल कमी निघाला तरी चालेल. कपलिंग (दर फेरीत नवा बेस यशस्वी जुळण्याचं प्रमाण) ९९ टक्के असेल तर १०० बेसच्या पूर्ण साखळ्या सुमारे ३७ टक्के मिळतात, ९८ टक्के असेल तर १४ टक्केही नाही. तिथे वाढीव लोडिंगचा काय उपयोग?

सिलेन आणि उरलेले अमाइन

अमिनोसिलेन (कणांवर अमाइन गट बसवणारं रसायन; साखळी याच गटांना जोडतात) चढवताना द्रावक टोल्युइन कोरडं हवं. पाणी जास्त झालं की सिलेन आपापसात जुळतं आणि कण गठ्ठ्याने चिकटतात. कणांवर सिलेन चढवून, ते तापवून पक्कं करून घ्या आणि मगच कण फ्रिटवर बसवा, कारण पॉलिइथिलिन उष्णतेत मऊ पडतं.

पहिला न्यूक्लिओसाइड (साखरेसकट पहिला बेस) जोडल्यावर काही अमाइन मोकळे राहतातच. ते अॅसिटिक अॅनहायड्राइडने झाकले नाहीत, तर तिथूनही साखळी वाढते आणि त्या साखळीत पहिला बेसच नसतो. सुरुवातीच्या काही फेऱ्यांत ट्रायटिलचा (दर फेरीत साखळीच्या टोकावरून काढल्या जाणाऱ्या संरक्षक गटाचा) नारिंगी रंग कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेला, तर आधी हाच संशय घ्या.

ट्रायटिल काय सांगतो

या रंगाचं ४९८ नॅनोमीटरवरचं वाचन प्रत्येक फेरीला घ्या. एकाच बेसला घसरण दिसली तर त्या अमिडाइटची (तो बेस जोडणाऱ्या रसायनाची) बाटली बदला. जी सर्वांत आधी खराब होते, ती बहुधा ग्वानिनची असते. सगळीकडे सारखी घसरण असेल तर ओलावा. अॅसिटोनायट्राइल या द्रावकात पाणी ३० पीपीएमच्या खाली हवं. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत किंवा कोकणात उघडी ठेवलेली बाटली लवकर हवेतलं पाणी ओढते, तेव्हा आर्गॉन आणि ताजे मॉलिक्युलर सिव्ह (पाणी शोषणारे खडे) यांत काटकसर नको. ट्रायटिलला सगळंच दिसत नाही, हेही ध्यानात ठेवा. ट्रायटिल काढणारं आम्ल जास्त वेळ राहून अॅडेनिन गळून पडलं, तरी रंग उत्तमच येईल.

अमोनियात फ्रिट शिजवू नका

तयार साखळी शेवटी अमोनियाने सोडवतात, पण गरम अमोनियात सिलिका विरघळते आणि बारीक कणांचा पृष्ठभाग मोठा असल्याने इथे ती जास्तच विरघळते. साखळी सुटायला सामान्य तापमानाला सुमारे तासभर पुरतो. मग द्रव फ्रिटपासून वेगळा काढून घ्या आणि ५५ अंशांवर रात्रभर फक्त तोच ठेवा. अमोनियाची बाटली जुनी असेल तर बेसवरचे संरक्षक गट पूर्ण निघत नाहीत, म्हणून ती ताजी आणि थंड ठेवलेली असू द्या.