घरी ओतलेल्या शिशाच्या वजनांना पावडर कोटिंग: साच्यापासून ओव्हनपर्यंत

पावडर कोटिंग म्हणजे रंगाची कोरडी पूड वस्तूवर चिकटवायची आणि ओव्हनमध्ये वितळवून पक्की करायची. गळाच्या मासेमारीसाठी घरी शिशाची वजनं आणि जिग हेड (गळावरच ओतलेलं शिशाचं डोकं) ओतणाऱ्यांची ठरलेली तक्रार असते की हा रंग टिकत नाही. चार वेळा खडकावर आपटलं की कपचे उडतात आणि खापर पावडरीवर फुटतं. पावडर बहुतेक वेळा निर्दोष असते. रंग उडतो तो खालच्या ओतकामामुळे, नाहीतर ओव्हनच्या बटणावर लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवल्यामुळे. त्यामुळे यात पावडरीला हात लावण्याआधीचंच काम जास्त आहे.

धातू कोणता, ते आधी

पावडर साधारण १८० ते २०० अंश सेल्सियसला पक्की होते. शुद्ध शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे मधे भरपूर अंतर आहे. गाडीच्या चाकांचा तोल साधायला लावतात त्या जुन्या वजनांचं शिसंही चालतं. त्यात थोडी अँटिमनी असते, त्यामुळे ते कडक होतं आणि किंचित हलकंही. शिसं आणि अँटिमनीचं मिश्रण २५२ अंशांच्या खाली वितळत नाही, त्यामुळे ओव्हनमध्ये त्याला धोका नाही.

घोळ होतो सोल्डरमुळे. साचा चांगला भरावा म्हणून काही जण भांड्यात सोल्डर टाकतात. कथील आणि शिशाचं मिश्रण १८३ अंशांनाच वितळायला लागतं, म्हणजे नेमकं आपल्या बेकिंगच्या तापमानाला. सोल्डर जास्त झालं असेल तर ओव्हनमधून वजनं बाहेर येतात ती बसकी किंवा खालून घामेजल्यासारखी, धातूचे बारीक थेंब फुटलेली. शिशाला पर्याय म्हणून बिस्मथ-कथील वापरणाऱ्यांनी तर पावडरीचा नादच सोडावा. त्याचं नेहमीचं मिश्रण १३८ अंशांना वितळतं आणि कमी तापमानाची पावडर घेतली तरी भागत नाही. तिथे थंड लागणारा रंगच वापरायचा. शुद्ध कथील मात्र २३२ अंशांचं आहे, तापमान नीट सांभाळलं तर चालून जातं.

चाकांच्या वजनांत हल्ली जस्ताची वजनं मिसळलेली असतात. जस्त ४१९ अंशांना वितळतं, म्हणून भंगार वितळवताना भांडं ४०० च्या खाली ठेवावं. जस्ताचे तुकडे वर तरंगतात, पळीने उचलून टाकता येतात. एकदा का ते विरघळलं की रस दाटसर, गुठळ्यांचा होतो आणि साच्याचे कोपरे भरत नाहीत. असं शिसं वेगळं ठेवावं, जिग हेडच्या बारीक साच्यात ते घालू नये.

ओतताना

ओतण्यासाठी ३७० ते ४०० अंश पुरे. साचा गरम नसेल तर पहिल्या काही वजनांवर सुरकुत्या येतात. ती पुन्हा भांड्यात जातील. साचा फार तापला की पृष्ठभाग पांढरट, खरबरीत दिसतो. अशा वेळी थोडं थांबावं. खरबरीतपणा पावडरीला उलट पकडच देतो, त्यामुळे तेवढ्यासाठी वजन बाद करायचं कारण नाही. सुरकुत्या मात्र रंगाखालून दिसतात.

साच्याला सुटं करणारा फवारा मारत असाल तर तो शक्य तितका कमी. त्याचा थर वजनावर उतरतो आणि पावडर तिथे गोल खड्डे करून मागे सरते. काजळीचा पातळ हात बहुतेक साच्यांना पुरतो आणि ती पुसूनही निघते.

आता जिवावर बेतणाऱ्या गोष्टी. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब गेला की त्याची क्षणात वाफ होते आणि शिसं अंगावर उडतं. ओलं भंगार, दमट पळी, घामाचे थेंब, उघड्यावर अचानक आलेला पाऊस, सगळं त्यात आलं. गळ साच्यात ठेवण्याआधी तोही कोरडा असावा. चष्मा, पूर्ण बाह्या, बंद बूट आणि चामड्याचे हातमोजे हवेत. धूर बाहेर जाईल अशी हवा हवी. पण शिसं अंगात जातं ते जास्त करून हातावाटे, म्हणजे वरची राखाडी मळी, कानशीचा भुसा, कपड्यांवरची धूळ. काम चालू असताना खाणंपिणं नाही, तंबाखू-सिगरेट नाही, आणि लहान मुलं किंवा गरोदर बाई आसपास नको. हात साबणाने धुवावेत, कपडे वेगळे टाकावेत.

कड काढणं, भोक आणि वजन

स्प्रूचा, म्हणजे ओतायच्या वाटेत गोठलेल्या शिशाचा, दांडा पक्कडीने कापावा. साच्याच्या दोन अर्ध्यांच्या जोडावर उरलेली पातळ कड चाकूने खरवडावी किंवा ओल्या कानशीने घासावी. कोरड्या सँडपेपरने शिसं घासू नये, ती धूळ कुठे कुठे जाते ते कळत नाही.

कड काढण्याचं कारण नुसतं देखणेपणाचं नाही. पावडर वितळली की ती धारदार कडेवरून मागे ओढली जाते आणि नेमकी तिथेच सर्वांत पातळ राहते. पहिला टवका तिथूनच उडतो. म्हणून जिथे धार आहे तिथे बोथट करायची. अंडाकृती सिंकरच्या (दोरा आरपार जाणाऱ्या वजनाच्या) भोकाची दोन्ही तोंडंही यात येतात. भोकापेक्षा मोठा ड्रिल बिट हाताने दोनदा फिरवला की तोंड उतरतं होतं. दोराही कमी झिजतो.

माप तपासायला भोकात बसेल असा ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा वापरावा. पावडरीचा एक थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा, म्हणजे भोकाचा व्यास जवळपास ०.१५ मिलिमीटरने कमी होणार. भोक आधीच घट्ट असेल तर कोटिंगआधी रुंद करून घ्यावं. नंतर ड्रिल घातला तर आतला थर सोलून निघतो.

वजनात पडणारा फरक मात्र नगण्य. १० ग्रॅमच्या गोल वजनाचा व्यास सुमारे १२ मिलिमीटर, त्यावर ७० मायक्रॉनचा थर म्हणजे जेमतेम ०.०४ ग्रॅम. तरीही प्रत्येक वजन कोटिंगआधी ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ठेवावं, ते दुसऱ्याच कारणासाठी. त्याच साच्यातल्या बाकीच्यांपेक्षा एखादं अर्ध्या ग्रॅमने हलकं निघालं तर आत पोकळी आहे. ओव्हनमध्ये त्या पोकळीतली हवा फुगते आणि अर्धवट वितळलेल्या पावडरीतून बुडबुडा बाहेर येतो. टाचणीने टोचल्यासारखं दिसणारं भोक बहुतेक वेळा याचंच. काट्यावर दहा सेकंद घालवले की ते वजन बाजूला निघतं.

ज्या वजनांवर असे बुडबुडे सारखे येतात, ती पावडरीशिवाय एकदा २१० अंशांना वीस मिनिटं तापवून घ्यावीत. अडकलेली हवा आणि तेलकटपणा आधीच निघून जातो. अर्थात शिशात सोल्डर नाही याची खात्री असेल तरच.

शेवटी अॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवावं आणि त्यानंतर उघड्या बोटांनी धरू नये. शिसं काळवंडायच्या आत, शक्यतो त्याच दिवशी रंग चढवलेला बरा.

पावडर चढवणं

गळ नसलेल्या वजनांना सर्वांत स्वस्त आणि सोपी पद्धत म्हणजे डब्यात घोळणं. झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा, तळाला खेळण्यातल्या बंदुकीचे ६ मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे मणी, त्यावर वजनांचा एकच थर. अर्धा किलो वजनांना चहाचे एक ते दोन चमचे पावडर. मिनिट-दोन मिनिटं गोल घुसळलं की घर्षणाने वीजभार तयार होतो आणि पावडर चिकटते. चिमट्याने एकेक उचलून हलकं टिचकावं, जादा पावडर झडते. दमट हवेत भार टिकत नाही आणि वजनं ठिपकेदार निघतात. अशा वेळी जास्त पावडर ओतून काही होत नाही. मणी, डबा आणि वजनं कोरडी गरम करून घ्यावीत, नाहीतर दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी.

जिग हेडला ही पद्धत नाही, गळ एकमेकांत गुंततात. तिथे तापवून बुडवणं. गळाचं वाकण पक्कडीत धरून हीट गनने फक्त डोकं तापवावं. उघडी ज्योत टाळावी, कारण टोकाशी ज्योत लागली तर पोलादाचं पाणी उतरतं आणि गळ सरळ होतो. शिवाय हवेत उडालेली पावडर पेटू शकते. तापलेलं डोकं पावडरीत एक-दोन सेकंद फिरवून बाहेर काढायचं. तापमान बरोबर असेल तर पावडर लगेच चकचकीत होते. कोरडी, पिठूळ राहिली तर डोकं थंड होतं. जाड, लोंबणारा थर आला तर फार गरम होतं.

बाटलीतली पावडर बसून घट्ट होते, म्हणून बुडवण्याआधी ती फुलवावी लागते. सच्छिद्र तळ असलेल्या पेल्यात मत्स्यटाकीच्या पंपाची हवा खालून सोडली की पावडर मंद उकळल्यासारखी हलते आणि थर सगळीकडे सारखा बसतो. हवा इतकीच की पावडर पेल्याबाहेर उडणार नाही. महिन्याकाठी दोन-चारच जिग रंगवायचे असतील तर हा खटाटोप करू नये, बाटली हलवून काम भागतं.

गळाचं नेढं बुडवल्या बुडवल्या, थर मऊ असतानाच सुईने मोकळं करावं. पक्क्या पावडरीतून ते कोरायला बसलं की कडेचा रंग हमखास उडतो.

पिवळे, नारिंगी आणि चमकणारे रंग अर्धपारदर्शक असतात. राखाडी शिशावर ते मळकट दिसतात, म्हणून खाली पांढरा थर हवा. दोन रंग द्यायचे तर पहिला पूर्ण न भाजता नुसता वितळेपर्यंत तापवून त्यावर दुसरी पावडर ब्रशने झटकावी, मग दोन्ही एकत्र भाजावेत. पावडर हाताळताना धुळीचा मास्क लावावाच. अनेक पॉलिएस्टर पावडरींमध्ये टीजीआयसी हे थर कडक करणारं रसायन असतं, ते त्वचेला आणि श्वासाला त्रास देतं.

ओव्हन

ओव्हन यासाठीच वेगळा ठेवावा. त्यात पुन्हा अन्न नाही, कधीच नाही.

छोट्या ओव्हनचं बटण पंधरा-वीस अंशांनी सहज चुकतं आणि आतही जागा बदलली की तापमान बदलतं. वेगळा थर्मामीटर ठेवावा किंवा एका बाद वजनाला भोक पाडून त्यात थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणारी, तार बसवावी. वेळ मोजायची ती धातू तापल्यापासून, दार बंद केल्यापासून नाही. ५ ग्रॅमचं जिग हेड पटकन तापतं, २०० ग्रॅमच्या वजनाला बराच वेळ लागतो, म्हणून दोन्ही एकाच घाण्यात घालू नयेत. सर्वसाधारण पॉलिएस्टरला २०० अंशांना १० मिनिटं किंवा १८० ला सुमारे २०, पण डब्यावर छापलेला आकडा अंतिम.

जिग हेड तारेवर टांगावेत, एकमेकांना आणि भिंतीला न लागता. टांगून नाकाशी थेंब जमत असेल तर थर जाड झालाय. घोळलेली वजनं सिलिकॉनच्या चटईवर सुटी ठेवावीत, खालच्या बाजूला छोटा डाग राहतो तो चालवून घ्यावा. वरच्या कॉइलचा थेट ताप लागला तर पांढरा रंग पिवळा पडतो. मधल्या जाळीवर फॉइल टाकून आडोसा करावा. भाजून झाल्यावर दार उघडून तसंच गार होऊ द्यावं, पाण्यात टाकू नये.

पक्का झाला की नाही

गार झाल्यावर अॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस वीसेक वेळा घासावा. रंग कापसावर उतरला किंवा पृष्ठभाग चिकट झाला तर कमी भाजलंय. तेच वजन पुन्हा ओव्हनमध्ये घालता येतं. मग प्रत्येक घाण्यातलं एक वजन ऐरणीवर ठेवून हातोडीने चपटं करावं. चांगला थर शिशाबरोबर ताणतो. बारीक भेगा चालतील, पण पापुद्रे सुटले तर दोन शक्यता: अॅसिटोनच्या चाचणीत वजन पास झालं असेल तर धुण्यात कमी पडलं, नापास झालं असेल तर भाजण्यात.

बाद झालेली वजनं पुन्हा वितळवताना रंग जळून उग्र धूर निघतो. ते काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. जळका थर मळीबरोबर वर येतो, तो आणि ती मळी झाकणाच्या डब्यात साठवून धोकादायक कचऱ्यात द्यावी.

आणि रंग दिला म्हणून शिसं निरुपद्रवी होत नाही. पक्षी गिळतात ते रंगासकटच, आणि पोटात रंग घासला जातो. ब्रिटनमध्ये हंसांच्या विषबाधेमुळे १९८७ पासून बहुतेक लहान शिशाच्या वजनांवर बंदी आहे, इतरही काही देशांत तसे नियम आहेत. त्यात कोटिंगवाल्यांना सूट आहे असं गृहीत धरू नये. आपल्या पाण्यावरचा नियम साचा विकत घेण्याआधी पाहावा.