घरीच शिकवायचं ठरवलंत? आमचा आठवडा असा जातो

मुलाला घरी शिकवायचं ठरलं की आधी हात शिवशिवतात ते पुस्तकं मागवायला. अमेरिकेतल्या ख्रिस्ती घरशाळांसाठी छापलेले संच मिळतात. दिसायला देखणे, पानापानावर वचनं. पैसे भरण्याआधी आतली पानं नीट चाळा. गणितात डाइम आणि क्वार्टर ही तिकडची नाणी, भूगोलात पन्नास राज्यं, निसर्गाच्या धड्यात हिमवर्षाव. वेंगुर्ल्याच्या पोरीला बर्फ ठाऊक तो मासळीच्या पेटीतला. तिला आधी डाइम समजावायचा आणि मग बेरीज, हा दुप्पट उपद्व्याप हवाय कशाला? आमची मुख्य पुस्तकं बालभारतीची. ती ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात, आणि उद्या शाळेत घालायची वेळ आलीच तर मूल वर्गाच्या बरोबरीने असतं.

दुसरा मोह याहून वाईट: प्रत्येक विषयाला बायबल चिकटवायचं. नोहाच्या तारवातल्या, म्हणजे जहाजातल्या, प्राण्यांचे पाय मोजा, योसेफाच्या झग्याचे रंग भरा, झाला ‘ख्रिस्ती’ अभ्यास! असल्या गणितांनी ना पाढे पक्के होतात, ना नोहा कळतो. माझं मत सरळ आहे. बायबलच्या वेळी बायबल, गणिताच्या वेळी गणित. दोघांची गाठ पडायची तिथे आपोआप पडते, फक्त आपण डोळे उघडे ठेवायचे.

लेक आठ वर्षांची, म्हणजे तिसरीच्या वयाची. सकाळी नऊला बसतो, साडेअकराला उठतो. ‘एवढ्यात काय होणार?’ असं सासूबाईंपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. एकाच मुलाला समोर बसवून शिकवताना हजेरी नाही, फळ्यावरचं उतरवून घेणं नाही, दुसऱ्यांचं होईपर्यंत थांबणं नाही. अडीच तास भरपूर होतात. धडे मात्र छोटे हवेत. इंग्लंडमधल्या शार्लट मेसन (1842–1923) या शिक्षिकेची पद्धत ख्रिस्ती घरशाळांत बरीच चालते: लहानांचा धडा पंधरा-वीस मिनिटांचा, उतारा एकदाच वाचायचा आणि मग मुलाने तो आपल्या शब्दांत परत सांगायचा. मी त्यातलं एवढंच उचललं. प्रश्नोत्तरं विचारून जे कळत नाही ते परत सांगायला लावलं की लगेच कळतं.

वाचायला घेतलेलं बायबल मुलाला समजेल अशा मराठीतलं असावं. आमच्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ आहे. आठवड्याला एकच उतारा घेतो. हिवाळ्यातल्या एका आठवड्यात मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या 13व्या अध्यायातला जाळ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, होती: जाळ्यात सगळ्या जातींचे मासे येतात, चांगले भांड्यांत भरतात, वाईट फेकून देतात, आणि जगाच्या शेवटी माणसांचंही तसंच होईल. सोमवारी वाचला, लेकीने परत सांगितला, पण गुळमुळीत. मंगळवारी गणिताला सुट्टी दिली आणि सकाळीच किनाऱ्यावर गेलो. रापण ओढायचं चाललं होतं. होडीतून अर्धगोलात जाळं सोडलेलं, दोन्ही टोकांच्या दोरांना माणसं लागलेली. ‘ये गो चेडवा, धर दोर!’ म्हणून एका काकांनी तिलाही रांगेत घेतलं. जाळं वाळूवर आलं तशी सगळी फतकल मारून बसली आणि निवडायला लागली. बांगडे एका टोपलीत, पेडवे दुसऱ्या, आणि विषारी केंड मासे उचलून बाजूला भिरकावलेले. ते पोट फुगवून चेंडूसारखे टणक होऊन पडलेले.

घरी आल्यावर तिने पुस्तक स्वतःच उघडलं. ‘आये, मत्तयान पण बसानच निवडल्यानी म्हणान लिवलाहा!’ खरंच होतं. मी तो उतारा लहानपणापासून ऐकत आले, ‘बसून’ कधी कानात शिरलं नव्हतं. पाठोपाठ तिचा प्रश्न: ‘पण केंडाचो काय दोष?’

अशा वेळी ओढूनताणून उत्तर देऊ नका. आमच्याकडे एक प्रश्नवही आहे. ज्याचं उत्तर मला येत नाही तो प्रश्न त्यात जातो आणि रविवारी चर्चमधली उपासना, म्हणजे मिस्सा, झाल्यावर वही घेऊन ती फादरांना गाठते. फादरांनी तिलाच पुढची ओळ वाचायला लावली. त्या दाखल्यात वेगळं काढायचं काम देवदूतांकडे आहे. ‘मग तू कशाला आत्तापासून निवडायला बसतेस?’ म्हणाले. तिचं समाधान अर्धंच झालं, पण त्या आठवड्यात शेजारच्या पोराला ‘वाईट’ म्हणायचं तिने बंद केलं होतं.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, पाऊसही कोसळत असतो. ते दोन महिने वाचन-लेखनाचे. किनाऱ्यावरचं जे काही करायचं ते नारळी पौर्णिमेनंतर मांडा.

गणितात इथल्या माणसाला एक आयता खजिना आहे: पाऊणकी. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ साधारण येते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. लेक भिंतीवरच्या कॅलेंडरातून तिथी काढते, गुणाकार करते, आणि मग मोबाइलवरच्या भरतीच्या वेळेशी ताडून बघते. थोडा फरक पडतोच. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि पाऊणकी पंचेचाळीसच धरते, हे तिला त्यातून कळलं. अपूर्णांक शिकवायला मला वेगळी वर्कशीट लागली नाही.

आणि इथेच ती गाठ आपोआप पडली. पौर्णिमेला उधाण, मग ईस्टरच्या आधी नेहमी पौर्णिमा कशी, हे तिने कॅलेंडरात पाहिलं. 21 मार्चनंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, असा चर्चचा ढोबळ नियम आहे. 2024 साली होळीची पौर्णिमा धरून 31 मार्चला ईस्टर आला. 2026 मध्ये हनुमान जयंती 2 एप्रिलला आणि गुड फ्रायडे दुसऱ्याच दिवशी. म्हणजे गुड फ्रायडेच्या आसपास समुद्राला उधाण असणारच. हा धडा मी योजला नव्हता.

बुधवार-गुरुवार साधे जातात. मराठी शुद्धलेखन, इंग्रजी वाचन, परिसर अभ्यास, संध्याकाळी वाडीतल्या मुलांबरोबर लंगडी नाहीतर क्रिकेट. ‘चार मुलांत मिसळणार कशी?’ ही काळजी बाहेरच्यांना फार असते. घरात बसवून ठेवलं तर ती खरी ठरते, म्हणून संध्याकाळ मोडू नका. शुक्रवारी आठवड्याची उजळणी आणि रात्री सगळ्यांची मिळून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. एवढंच.

फर्स्ट कम्युनियनची, म्हणजे मुलाने मिस्सेत पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याची, तयारी मात्र घरी उरकू नका. ती आपल्या चर्चच्या (पॅरिशच्या) रविवारच्या वर्गातच होऊ दे. तिथे बाकीची मुलं असतात, सिस्टर असतात, आणि आपण सोडून दुसऱ्या कोणाच्या तोंडून श्रद्धा ऐकणं मुलाला गरजेचं असतं.

शनिवार वडिलांचा. ते एरवी रोज गोव्याला कामाला जातात. एकदा त्यांनी तिला मालवण तालुक्यात कुडोपीच्या सड्यावर नेलं. जांभ्यात कोरलेली माणसं, मासे, प्राणी. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली, आणि त्यातली काही मध्याश्मयुगाइतकी जुनी असावीत असं संशोधक मानतात. ‘बायबलातल्या अब्राहामाच्या आधीची?’ लेकीने विचारलं. हो, कितीतरी आधीची. काही ख्रिस्ती अभ्यासक्रम पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं शिकवतात. आम्ही शिकवत नाही. बायबलमधलं पहिलं, उत्पत्तीचं पुस्तक देवाने हे सगळं केलं असं सांगतं, दगडाचं वय सांगत नाही, इतकं तिला पुरलं.

आता कागदपत्रं. यात ढिलाई नको. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिलाय. घरशाळेची वेगळी नोंदणी मात्र कुठे होत नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात शिक्षक दारी येतात. त्यांच्याशी वाद घालू नका, ते त्यांचं काम करत असतात. चहा द्या, तारखा घातलेल्या वह्या दाखवा. जन्मदाखला, आधार, आधी शाळेत नाव असेल तर शाळा सोडल्याचा दाखला, सगळं एका फायलीत असू द्या. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा 10 वर्षं पूर्ण झाल्यावर आणि आठवीची 13 पूर्ण झाल्यावर देता येते. दहावीसाठी 14 पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, म्हणजे एनआयओएसचा, रस्ता आहे. राज्य मंडळाला बाहेरून बसायचं तर 17 नंबरचा फॉर्म. आमचा बेत पाचवीला मुक्त मंडळाची परीक्षा देऊन बघायचा आहे. त्याआधीच लेक ‘माका शाळेत जावचा हा’ म्हणाली तर जूनमध्ये नाव घालू. वयाप्रमाणे वर्गात घ्यायची तरतूद त्याच कायद्यात आहे.