गल्लीतल्या गाड्या गेल्या कुठे?

स्वयंचलित गाड्यांचा बिनसिग्नलचा चौक हा प्रबंधाचा विषय तुम्ही घेतलाय, म्हणजे ड्रेस्नर आणि स्टोन यांचा २००४ चा आरक्षणावरचा निबंध तुम्ही वाचलाच असणार. गाडी लांबूनच चौकातली जागा मागते, चौकाचा व्यवस्थापक, म्हणजे एक प्रोग्राम, टक्कर होत नाही ना हे बघून हो किंवा नाही म्हणतो. ते सगळं सोडून मी कुठे फसले तेवढंच सांगते.

सुमो या वाहतुकीची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या माझ्या चौकात एक मोठा रस्ता आणि त्याला छेदणारी गल्ली होती. नियम साधा: आधी मागेल त्याला आधी. सरासरी विलंब सिग्नलपेक्षा बराच कमी आला. एक अख्खं सत्र मी त्या आलेखाच्या भरवशावर लिहीत होते. मग गाइड मॅडमनी विचारलं, "सगळ्यात जास्त कोण थांबलं?"

स्क्रीन भरते म्हणून मी सुमोचे इशारे बंद ठेवले होते. ते चालू केले आणि ओळींमागून ओळी आल्या: 'टेलिपोर्टिंग व्हेइकल'. गाडी ३०० सेकंद अडकून पडली की सुमो ती उचलतं आणि तिच्याच मार्गावर पुढे जागा मिळेल तिथे ठेवतं. मूळ सेटिंगच तशी आहे, कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय. माझ्या गल्लीतल्या कित्येक गाड्यांनी चौक ओलांडलाच नव्हता. 'टाइम-टू-टेलिपोर्ट' ही सेटिंग उणे एक करा, म्हणजे हे उचलणं बंद होतं; आजच करा. शिवाय गल्ली भरली की नव्या गाड्या रस्त्यावर येतच नाहीत. त्यांचं ताटकळणं 'डिपार्ट डिले'त जातं, 'वेटिंग टाइम'मध्ये नाही. आणि शेवटपर्यंत न पोचलेल्या गाड्या, वेगळं सांगितल्याशिवाय, ट्रिपइन्फोच्या, म्हणजे प्रत्येक गाडीच्या प्रवासाची नोंद ठेवणाऱ्या, फाइलीत येत नाहीत.

गल्ली उपाशी का राहते? थांबलेली गाडी शून्यापासून वेग घेते, तिला चौकात जास्त वेळ लागतो, आणि मोठ्या रस्त्याच्या प्रवाहात तेवढी फट मिळत नाही.

घाबरू नका, विषय चांगला आहे. काही ठिकाणी 'आधी मागेल त्याला आधी' हा नियम सिग्नलपेक्षाही वाईट ठरतो, हे लेव्हिन, बॉइल्स आणि पटेल यांनी २०१६ मध्ये दाखवलंय. म्हणजे तुमचे आकडे बिघडले तर तोही निकालच. मात्र तुलनेसाठीचा साधा सिग्नल नीट बसवण्याआधी रीइन्फोर्समेंट लर्निंगला, म्हणजे चुकतमाकत स्वतः शिकणाऱ्या प्रोग्रामला, हात लावू नका. तयार कोड उचलून सुरुवात करणंही मला पटत नाही; त्यातल्या सेटिंग कोणीच वाचत नाही.

मी सगळ्या रन पुन्हा केल्या, दोन महिने गेले. आता प्रत्येक तक्त्यात सरासरीशेजारी गल्लीचा वेगळा रकाना असतो आणि सगळ्यात जास्त थांबलेल्या गाडीचा आकडा. मौखिक परीक्षेत निम्मे प्रश्न त्या रकान्यावरच आले.