आठवड्याला एक रोजा, एक खोड: नफ्सला (स्वतःच्या मनाला, वासनांना) वळण लावायची रीत

रमजानभर जिभेवर ताबा असलेला माणूस ईदनंतर पंधरवड्यात पुन्हा तसाच चिडू लागतो, चुगल्या करू लागतो. त्याची श्रद्धा आटलेली नसते. रमजानमध्ये घर, मोहल्ला, मशीद सगळे एकाच वेळापत्रकावर चालतात आणि संयमाचा निम्मा भार आजूबाजूची माणसंच उचलतात. नागपूरच्या मोमिनपुऱ्यात महिनाभर जे सहज जमतं ते उरलेल्या अकरा महिन्यांत ऑफिसात, दुकानात एकट्याने करावं लागतं. त्यासाठी आठवड्यातून एक नफिल (सक्तीचा नसलेला, ऐच्छिक) रोजा धरायचा आणि सोबत एकच खोड हातात घ्यायची. पाच खोडी एकदम घेतल्या तर एकही सुटत नाही. जो अमल (कर्म) नित्याने होतो तोच अल्लाहला सर्वांत प्रिय, मग तो थोडा का असेना, असं हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) आहे.

दिवस सोमवार किंवा गुरुवार धरावा. या दोन दिवशी अमल अल्लाहपुढे मांडले जातात, अशी हदीस आहे. आठवड्याचं जमत नसेल तर इस्लामी चांद्र महिन्याच्या 13, 14 आणि 15 तारखा आहेत. फक्त शुक्रवार निवडून रोजा धरू नये. दोन्ही ईद आणि जिल्हिज या बकरी ईदच्या महिन्याच्या 11, 12, 13 या तारखांना रोजा मनाच आहे, त्यामुळे त्या महिन्यात 13 तारीख वगळावी. रमजानचे रोजे सुटलेले असतील तर नफिलच्या आधी ते उरकलेले बरे. सोमवारच्या रोज्याला कजाची (सुटलेला रोजा भरून देण्याची) नियत (संकल्प) केली की झालं.

नियत मनात ठरली की पुरे, शब्द म्हणायलाच हवेत असं नाही. हनफी मतानुसार (इस्लामी कायद्याच्या चार सुन्नी पंथांपैकी एक) फजरनंतर (पहाटेच्या नमाजची वेळ लागल्यावर) काही खाल्लं-प्यायलं नसेल तर नफिलची नियत दुपार व्हायच्या आत करता येते. कजाची मात्र फजरपूर्वीच व्हायला हवी. इथे बरेच जण गल्लत करतात.

सुरुवात नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. नागपुरात डिसेंबरचा रोजा साधारण सव्वाबारा तासांचा, जूनचा पावणेपंधरा तासांचा. मे महिन्यात पारा 45 च्या घरात असताना जोशात सुरू केलेला नेम दोन आठवडे टिकत नाही, आणि उन्हात काम करणाऱ्याने तेव्हा नफिलचा हट्ट धरूही नये. मधुमेह असेल, विशेषतः इन्सुलिन चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. रक्तातली साखर 70 mg/dL च्या खाली गेली की रोजा तिथेच सोडायचा. हनफी मतात तोडलेल्या नफिलचा रोजा नंतर भरून द्यावा लागतो, एवढंच.

वेळेबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मुंबईचं वेळापत्रक नागपुरात चालत नाही. आपण पूर्वेला असल्याने इथे फजर आणि मगरिब (सूर्यास्ताची नमाज, रोजा सोडायची वेळ) दोन्ही सुमारे 25 मिनिटं आधी होतात. मोबाइलमध्ये शहर चुकीचं राहिलं तर सहरी (रोज्याआधीचं पहाटेचं खाणं) फजर झाल्यावर खाल्ली जाते आणि माणसाला पत्ताही लागत नाही. जवळच्या मशिदीचा तक्ता भिंतीवर लावा.

सहरी उशिरा करावी. पैगंबरांची सहरी आणि फजरची नमाज यांच्यात कुराणाच्या पन्नास आयती (वचनं) वाचण्याइतका वेळ असे, असं वर्णन आहे. ज्वारीची भाकरी, दही, अंडं किंवा डाळ पुरेशी आहे. रात्रीचा उरलेला सावजी रस्सा पहाटे खाल्ला तर दहा वाजताच घसा कोरडा पडतो. पाणी शेवटच्या पाच मिनिटांत लिटरभर ढोसू नका. झोपेपर्यंत आणि उठल्यावर थोडं थोडं प्या.

आता खरी अडचण. आपल्याकडे रोज्यात भुकेपेक्षा चहा आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) जास्त छळतात. दिवसाला पाच-सहा चहा पिणाऱ्याचं डोकं दुपारनंतर दुखू लागतं, कारण शरीराला कॅफिनची सवय असते. रोज्याच्या आठवडाभर आधीपासून दर दोन दिवसांनी एक कप कमी करत दोनवर या. खर्रा दाढेत धरला की रोजा जातो, थुंकला तरी; त्याचा रस पोटात उतरतोच. पहाटे शेवटचा खर्रा खाऊन झोपणाऱ्याने फजरपूर्वी दात घासून, चूळ भरून तोंड साफ करावं. निकोटिन तुटल्याने होणारी चिडचिड रोज्याच्या माथी मारू नका. उलट हीच संधी आहे: जो माणूस बारा तास खर्ऱ्याशिवाय राहिला, त्याने मगरिबनंतर पहिला खर्रा एक तास पुढे ढकलावा, पुढच्या आठवड्यात दोन तास.

खोड कोणती निवडायची? ज्याने दुसऱ्याचं नुकसान होतं ती आधी. चुगली, चिडणं, नजर न आवरणं, मोबाइल, असा क्रम आमच्या मते योग्य. जो खोटं बोलणं सोडत नाही त्याच्या उपाशी राहण्याची अल्लाहला गरज नाही, हे हदीसमध्ये स्पष्ट आहे. दिवसातला धोक्याचा काळ असरपासून (दुपारनंतरची नमाज) मगरिबपर्यंतचा. तेव्हा साखर उतरलेली, सीताबर्डीच्या ट्रॅफिकमधून घरी यायचं, मुलं अंगावर येतात. महत्त्वाचं बोलणं, पैशाचा वाद, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उत्तर देणं या वेळात ठेवूच नका. कुणी भांडायला आलं तर "माझा रोजा आहे" एवढं म्हणावं. राग आलाच तर उभं असल्यास बसावं, तरी गेला नाही तर आडवं व्हावं.

रात्री इशानंतर (रात्रीची नमाज) पाच मिनिटं हिशोब. इमाम गजालींनी (निधन 1111) नफ्सशी व्यवहाराचे टप्पे सांगितले आहेत: सकाळी अट घालणं, दिवसभर लक्ष ठेवणं, रात्री हिशोब, चूक झाली तर दंड, मग जास्त मेहनत आणि शेवटी स्वतःला फटकारणं. वहीत फक्त त्या एका खोडीसाठी खूण करा: किती वेळा, कुणासमोर, किती वाजता. महिनाभरात दिसतं की चुगली एकाच टपरीवर, त्याच दोघांसोबत होते. मग टपरी बदला. दंड झेपेल असा ठेवा: दोन रकात नमाज किंवा दहा रुपये सदका (दान). मोठा दंड लावला की माणूस हिशोबच लपवतो. ज्याची चुगली केली त्याचा हक्क दंडाने फिटत नाही, हेही ध्यानात असू द्या.

इफ्तार वेळ होताच, खजूर किंवा पाण्याने. हिवाळ्यात एक संत्रं मस्त. भज्यांची परात मात्र लगेच नको. आधी नमाज, मग पोटाच्या एक तृतीयांशाइतकं जेवण. मगरिबनंतरच्या तासाभरात दिवसभर आवरलेली जीभ सैल सुटते, म्हणून वहीत तो तासही मोजा.

नेम गावभर सांगू नये, पण लपवण्यासाठी खोटंही बोलू नये. सहकाऱ्याने तर्री पोहे पुढे केले तर रोजा आहे असं सरळ सांगून त्याच्यासाठी दुआ करा. पाहुणा किंवा यजमान खरंच दुखावणार असेल तर दुपारच्या आत नफिल सोडायला हनफी मतात सवलत आहे. बदल्यात नंतर एक रोजा धरायचा.