अक्षराच्या आकाराचं भोक

लातूरच्या आडत बाजारात कट्ट्यांवर (पोत्यांवर) नाव उमटवायचा पत्र्याचा छापा असायचा. पत्र्यात अक्षरं कोरलेली, वरून रंगाचा ब्रश फिरवला की खाली 'सोयाबीन'. वडील मुनीम, त्यामुळे लहानपणी मी तो खेळण्यासारखा हाताळलाय. तरी पी5 जेएसमध्ये, म्हणजे कोड लिहून ब्राउझरमध्ये चित्रं काढायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत, तसलंच काम करायला मला चार रात्री लागल्या.

हवं होतं एवढंच: काळा पडदा, त्यात 'सोयाबीन' कापलेलं, अक्षरांतून मागचे हलते रंगीत गोळे दिसावेत. मी काळं बॅकग्राउंड दिलं, फिलचा (भरायच्या रंगाचा) अल्फा, म्हणजे अपारदर्शकता, शून्य केला आणि टेक्स्ट लिहिलं. काहीच दिसेना. दिसणार कसं? अल्फा शून्य म्हणजे रंगच नाही. कोरडा ब्रश फिरवून पत्र्याला भोक पडतं का!

भोक पाडायला आधी पत्रा वेगळा हवा. क्रिएटग्राफिक्सनं नवा थर घ्या, तो काळा भरा, त्याच थरावर इरेज (पुसायची आज्ञा) चालू करून टेक्स्ट लिहा, मग नोइरेजनं ती बंद करा. ड्रॉमध्ये, म्हणजे दर फ्रेमला चालणाऱ्या भागात, आधी गोळे काढा, वर इमेजनं हा थर ठेवा. थेट मुख्य कॅनव्हासवर इरेज केलं तर गोळेही पुसले जातात आणि वेबपेजचा पांढरा रंग डोकावतो. थर सेटअपमध्ये, म्हणजे सुरुवातीला चालणाऱ्या भागात, एकदाच कापा. मी दर फ्रेमला, पुन्हा न भरताच, कापत होतो. मऊ कडा खरवडत खरवडत दातेरी झाल्या.

मूळ प्रोसेसिंग, म्हणजे केसी रीस आणि बेन फ्राय यांनी 2001 मध्ये सुरू केलेलं, ज्यावरून पी5 जेएस आलं ते, वापरत असाल तर तिथं मास्क आहे. मास्कमध्ये पांढरं तिथं चित्र दिसतं, काळं तिथं गायब. चित्र आणि मास्क दोन्हींचं माप एकच हवं, नाहीतर एरर.

मराठीची डोकेदुखी वेगळीच. लोडफॉन्टनं फॉन्टची फाइल आणली, 'ज्वारी' लिहिलं, तर 'ज्' एकीकडे आणि 'वारी' दुसरीकडे. मग सीएसएसमधून (वेबपेजचं रूप ठरवणाऱ्या कोडमधून) मुक्ता फॉन्ट लावला, टेक्स्टफॉन्टला नुसतं नाव दिलं. जोडाक्षरं ब्राउझरनं जुळवली. फक्त फॉन्ट उतरायच्या आधी थर कापू नका, भलत्याच फॉन्टचं भोक पडतं.

वडलांना दाखवलं. गोळ्यांकडे त्यांनी बघितलंच नाही. 'ब'च्या पोटावर बोट ठेवून म्हणाले, "हा तुकडा खाली पडंना कसा? आम्ही पत्र्यात त्याला दोन पट्ट्या ठेवायचो."