फोन भारी, नेटवर्क भारी, तरी कॉल लागेना? या चुका टाळा

ओळखीतल्या कुणाचाही फोन अडला की तो माझ्याकडे येतो. मी दुरुस्तीवाला नाही. एके काळी एका नेटवर्क कंपनीच्या तक्रार विभागात दोन वर्षं कानाला हेडफोन लावून बसलो होतो, एवढंच माझं पाप. "सर, हा हँडसेटचा इश्यू आहे, तुम्ही फोन कंपनीशी बोला," हे वाक्य मी दिवसातून तीसेक वेळा म्हणायचो. समोरचा सांगायचा, "अहो, त्यांनीच तर तुमच्याकडे पाठवलंय." त्यावर काय बोलायचं तेही कागदावर लिहून दिलेलं होतं.

फोन बनवणारे आणि नेटवर्क चालवणारे एकमेकांशिवाय धंदा करू शकत नाहीत, आणि गिऱ्हाईक नक्की कुणाचं यावरून त्यांची ओढाताणही संपत नाही. फोनवाल्याला वाटतं, नेटवर्क म्हणजे नुसता नळ. नेटवर्कवाल्याला वाटतं, फोन म्हणजे सिम घालायचा डबा. आपण खरेदी करताना या दोघांचा एकमेकांशी काय करार झालाय ते कधीच बघत नाही. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

"खोक्यावर ५जी लिहिलंय ना, मग झालं"

नाही झालं. ही माझी सर्वात नावडती चूक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्रत्येक नेटवर्क कंपनीने लिलावात स्वतःचे वेगवेगळे फ्रिक्वेन्सी पट्टे, म्हणजे सिग्नल ज्यावरून धावतो ते रेडिओ लहरींचे टप्पे, घेतलेले असतात. कुणाकडे ७०० मेगाहर्ट्झ, कुणाकडे १८००, कुणाकडे ३५०० च्या आसपासचे. खालचे पट्टे लांबवर जातात, भिंतीतून आत शिरतात; वरच्यांना वेग जास्त, पण भिंत आली की धाप लागते. आणि २४ गिगाहर्ट्झच्या वरची ती मिलिमीटर लहर तर हात आडवा आला तरी अडखळते. फोन बनवणारा सगळे पट्टे सगळ्या फोनमध्ये घालत नाही. प्रत्येक पट्ट्यासाठी आत फिल्टर लागतात, अँटेना लागते, पैसे लागतात. म्हणून एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत वेगवेगळा निघतो. २०१६ चा आयफोन ७ घ्या. काहींच्या आत क्वालकॉमचा मोडेम (नेटवर्कशी बोलणारी चिप) होता, काहींच्या आत इंटेलचा, आणि इंटेलवाला सीडीएमए या जुन्या पद्धतीच्या नेटवर्कवर चालायचाच नाही. बाहेरून दोन्ही जुळे भाऊ.

पट्टे जुळले तरी भागत नाही. भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरू झालं तेव्हा लोकांच्या खिशात दोन-दोन वर्षं जुने ५जी फोन होते, आणि त्यातल्या बऱ्याच फोनवर ५जी येईना. हार्डवेअर होतं, पण फोन कंपनीने त्या नेटवर्कसाठी सॉफ्टवेअरमधून ते खुलं केलं नव्हतं. आयफोनवाल्यांना डिसेंबरच्या अपडेटपर्यंत थांबावं लागलं. त्या काळात मला आलेल्या फोनांपैकी निम्मे "सिम बदलून बघू का?" विचारणारे होते. सिमचा काय संबंध, बाबांनो!

आता माझ्या आतेभावाची गोष्ट. त्याने दुसऱ्या देशात विकायला बनवलेला एक फोन स्वस्तात उचलला. कॅमेरा झकास, इंटरनेट सुसाट. फक्त कॉल लागत नव्हता. नंबर फिरवला की आठ-दहा सेकंद शांतता, मग कट. माझ्याकडे येईपर्यंत त्याने फोन दोनदा फॅक्टरी रीसेट केला होता (फोटो गेले), तीन सिम बदलली होती, एक व्हिडिओ बघून एपीएन (इंटरनेट जोडणीचं) सेटिंग पालटलं होतं. आणि कहर म्हणजे डायलरवर कसलासा कोड टाकून लपलेल्या मेनूतून फोन "फक्त ४जी" वर कुलूपबंद करून ठेवला होता. "सगळं करून बघितलं," असं तो म्हणाला. सगळं करून बघितलं म्हणणाऱ्या माणसाने एक गोष्ट हमखास केलेली नसते: फोनकडे नीट बघणं.

मी आधी तो मेनू मूळ जागी आणला. मग त्याला म्हटलं, कॉल लाव आणि फक्त स्क्रीनची वरची पट्टी बघ. हिरवं बटण दाबलं, आणि ४जी ची खूण गेली. रेंजच्या दांड्या रिकाम्या. "सेवा नाही." कॉल कट झाल्यावर चार सेकंदांनी ४जी परत हजर. तेच सिम माझ्या फोनमध्ये घातलं. कॉल लावला, ४जी जागेवर, शेजारी व्होल्टीची, म्हणजे ४जी वरून कॉल करायच्या सोयीची, छोटी खूण, पलीकडे रिंग.

निदान झालं. ४जी हे मुळात डेटाचं नेटवर्क आहे. त्यावरून आवाज पाठवायचा तर व्होल्टी लागतं, आणि ते फोन कंपनी आणि नेटवर्क कंपनी यांनी मिळून त्या त्या मॉडेलसाठी चाचणी करून चालू करावं लागतं. या फोनसाठी ते कुणीच केलं नव्हतं. त्यामुळे कॉल लावला की फोन ४जी सोडून खाली २जी-३जी शोधायला जायचा, आणि त्या कंपनीकडे खाली काही नव्हतंच. त्या मेनूतल्या कुलपाने तर खाली जायची वाटही बंद केली होती.

उपाय? त्या सिमवर काहीच नाही. फोन कंपनी म्हणाली, हे मॉडेल या बाजारासाठी नाही. नेटवर्क कंपनीने काय सांगितलं ते मला तोंडपाठ होतं. शेवटी भावाने दुसऱ्या कंपनीचं सिम घेतलं, जिचं २जी अजून जिवंत होतं. कॉल लागायला लागले, पण कॉल चालू असेपर्यंत नेट बंद. तेवढ्यावर त्याने दीड वर्ष काढलं आणि दीड वर्ष मला टोमणे मारले, जणू फोन मीच निवडून दिला होता.

हे एकट्या त्याचंच दुखणं नाही. जिओने २०१६ मध्ये नेटवर्क सुरू केलं तेच मुळी २जी-३जी शिवाय. व्होल्टी नसलेल्या फोनवाल्यांना कॉलसाठी वेगळं ॲप टाकावं लागायचं. अमेरिकेत ३जी २०२२ मध्ये गुंडाळलं गेलं. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी ३जी बंद करायला घेतलं, तेव्हा ज्या फोनवरून ४जी वर आपत्कालीन कॉल लागत नव्हता ते फोन नेटवर्कवरूनच काढून टाकायचा नियम आला. चालू स्थितीतले, चकचकीत फोन. त्यात परदेशातून मागवलेलेही होते.

माझी सवय सांगतो. फोनचं नाव बघू नका, मॉडेल क्रमांक बघा. तो खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत असतो. तो क्रमांक नेटवर्क कंपनीच्या चालणाऱ्या फोनांच्या यादीत शोधा. मग स्वतःचं सिम घालून घरच्यांना एक कॉल लावा, मिनिटभर बोला आणि बोलताना वरच्या पट्टीवर नजर ठेवा. यूट्यूब चालवून बघू नका. ते चालतंच.

लॉक असलेला फोन "मोकळा करून घेऊ" म्हणून घेणं

२००७ मध्ये पहिला आयफोन आला तो अमेरिकेत फक्त एटीअँडटी या नेटवर्कवर. तिथल्याच दुसऱ्या कंपनीच्या, व्हेरायझनच्या गिऱ्हाइकांना तो मिळायला फेब्रुवारी २०११ उजाडलं. तेव्हापासून सगळ्यांना कळून चुकलं की फोन हा नेटवर्कचं गिऱ्हाईक पळवायचा गळ आहे. नेटवर्क कंपनी फोनवर सूट देते किंवा हप्ते बांधून देते, आणि बदल्यात फोनला कुलूप घालते: दुसऱ्याचं सिम चालणार नाही. कॅनडाने डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून असे कुलूपबंद फोन विकायला बंदी घातली. पण सगळीकडे तसं नाही, आणि जुन्या फोनांच्या बाजारात असा माल भरपूर फिरतो.

तो मोकळा करायचा खरा मार्ग एकच: ज्या कंपनीने कुलूप घातलं तिच्याकडूनच ते काढून घेणं, तेही हप्ते फिटल्यावर. बाकी सगळे जुगाड. सिमखाली ठेवायची ती कागदाएवढी पातळ चकती मिळते ना, ती फोनला फसवते, दुसरं काही करत नाही. एक अपडेट आलं की फोन पुन्हा मुका. एकाने तर मला बजावलं होतं, "अपडेट करायचंच नाही, की प्रॉब्लेम नाही." म्हणजे सुरक्षेची भोकं कायमची उघडी ठेवायची, कशासाठी, तर खरेदीच्या वेळी थोडे पैसे वाचले म्हणून. माझ्याकडे अशा फोनसाठी वेळ नाही, मी हात जोडतो.

आणि एक लक्षात घ्या. कुलूप आणि काळी यादी या वेगळ्या गोष्टी आहेत. आधीच्या मालकाने हप्ते बुडवले असतील किंवा फोन चोरीचा असेल, तर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, काळ्या यादीत जातो, आणि मग मोकळा केलेला फोनसुद्धा टॉवरला नको असतो. *#०६# दाबलं की १५ आकडी आयएमईआय दिसतो. तो खोक्यावरच्या आकड्याशी जुळवा, यादीत तपासा, मगच पाकिटाला हात घाला. विकणारा "घाई आहे" म्हणाला तर तुम्ही सावकाश घ्या.

दांड्या मोजून भांडणं

"माझ्याकडे चार दांड्या, तुझ्याकडे दोन, म्हणजे माझं नेटवर्क भारी." किती दांड्या कधी दाखवायच्या याचं सर्व कंपन्यांना बांधील असं मापच नाही. २०१० मध्ये आयफोन ४ विशिष्ट जागी पकडला की रेंज पडते अशी बोंब झाली, तेव्हा ॲपलने स्वतःच कबूल केलं होतं की त्यांचं दांड्यांचं सूत्र चुकीचं आहे आणि अनेकदा असायला हव्यात त्यापेक्षा दोन दांड्या जास्त दिसतात. मग अपडेट देऊन सूत्र बदललं.

खरा आकडा हवा असेल तर अँड्रॉइडच्या "फोनविषयी" मध्ये सिमच्या स्थितीत डेसिबलचा आकडा असतो, वजा चिन्हासकट. ४जी वर वजा ८५ असेल तर मजा आहे, वजा ११० च्या पुढे गेला तर खिडकीशी जा. दोन फोनांची तुलना करायची तर तेच सिम, तीच जागा, तीच वेळ. आणि आकडा छान असूनही नेट रांगत असेल तर दोष बहुतेक वेळा फोनचा नसतो, टॉवरवर गर्दी असते. दुसऱ्याचे टॉवर भाड्याने घेऊन चालणाऱ्या स्वस्त कंपनीचं सिम असेल तर गर्दीच्या वेळी तुम्हाला अनेकदा रांगेत मागे उभं केलं जातं. प्लॅन स्वस्त का होता, ते तेव्हा कळतं.

वरच्या खुणेवर विश्वास

२०१९ च्या सुरुवातीला एटीअँडटीने अमेरिकेत काही फोनवर "५जी ई" अशी खूण झळकवली. फोन ४जीच, नेटवर्क सुधारित ४जी. प्रतिस्पर्धी स्प्रिंटने कोर्टात खेचलं, प्रकरण पुढे आपसात मिटलं. खूण ही जाहिरातीची जागा आहे, एवढं समजलं तरी पुरे. एकदा वेग मोजा आणि विसरून जा. दिवसातून दहा वेळा मोजणारे लोक निम्मा डेटा मोजण्यातच उडवतात.

झटपट काही

नंबर दुसऱ्या फोनवर हलवायच्या आधी जुन्यातलं ई-सिम (फोनच्या आतच असलेलं, क्यूआर कोडने चालू होणारं सिम) पुसू नका. बरेच क्यूआर कोड एकदाच चालतात.

अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ ला सिमची खाचच नाही. कुणी आणून देत असेल तर आपल्या कंपनीकडे ई-सिम आहे का ते आधी विचारा.

मोठं अपडेट पहिल्याच दिवशी टाकू नका. मी दोन आठवडे थांबतो. तेवढ्यात उतावळे लोक माझ्यासाठी फुकट चाचणी करून देतात.

कवरला लोखंडी पत्रा चिकटवून "रेंज येत नाही" म्हणू नका.

फॅक्टरी रीसेट हा पहिला उपाय नसतो. आधी विमान मोड चालू-बंद, मग रीस्टार्ट, मग तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये, मग दुसरं सिम या फोनमध्ये. या उलटापालटीत दोष सिमचा की फोनचा ते पाच मिनिटांत कळतं. हे न करता जो थेट रीसेट मारतो त्याचे फोटो परत आणून द्यायला मी बांधील नाही.

जाहिरात बघून नंबर पोर्ट करणं

देशात कोण पहिला, याचा तुमच्या घराशी काही संबंध नाही. दोन सिमचा फोन असेल तर नव्या कंपनीचं सर्वात छोटं रिचार्ज मारून दुसऱ्या खाचेत महिनाभर चालवा. तळघरातल्या पार्किंगमध्ये, कामाच्या जागी तुमच्या खुर्चीवर, रात्री पलंगावर, जिथे खरोखर फोन वापरता तिथे. मीही हे शहाणपण उशिराच शिकलो. आमच्या झोपायच्या खोलीत बायकोच्या बाजूला रेंज येते, माझ्या बाजूला येत नाही. त्यापायी मी दोनदा नंबर पोर्ट केला, एकदा फोनही बदलला. शेवटी आम्ही बाजू बदलल्या. आता तिचे कॉल कट होतात.